बीजगणिताच्या पेपरला

६ जानेवारी

चिठ्ठीनं घात केला!

संमेलनातल्या वादविवादाचा विषय आज फळ्यावर लागला — ‘अवघड विषय शाळेत सक्तीचे असावेत का?’ मी मनातल्या मनात भाषण सुरूसुद्धा केलं होतं. असावेतच! गणित नसतं तर मी शाळेत आले असते कशाला, बाकावर नाव कोरायला? तेवढ्यात पाठक सरांनी डब्यातून चिठ्ठ्या काढायला लावल्या. माझ्या चिठ्ठीवर — ‘नसावेत’.

आणि रुचाला ‘असावेत’. रुचाला! कंपासपेटीत कंपास सोडून सगळं ठेवणाऱ्या रुचाला!

सरांना म्हटलं, बदलून द्या ना. तर म्हणाले, “स्वतःला पटलेलं तर कुणीही बोलतं, सुकन्या. न पटलेलं पटवून दाखव.” सर मराठी शिकवतात, याच वर्षी रिटायर होणार. त्यांच्याशी वाद घालून आजवर कुणी जिंकलेलं नाही. चिठ्ठी घेऊन जागेवर आले.

९ जानेवारी

‘मासा झाडावर चढू शकत नाही’ — हे पहिलं वाक्य लिहिलं आणि खोडलं. प्रत्येक वादविवादात तो मासा येतोच. एव्हाना बिचारा चढायला शिकला असेल.

मुद्दाच सुचत नाही. गणितात भ्यायचं काय असतं तेच मला माहीत नाही. वर्गसमीकरण सुटलं की पोटात गार वाटतं. आईला एकदा तसं सांगितलं तर म्हणाली, “पित्त कमी झालं आसंल.”

घरात विचारायचं तरी कुणाला? मी गणित सोडवताना केस ओढते, ओठ चावते, स्वतःशी पुटपुटते. आई म्हणते अंगात आल्यासारखी दिसतीस. आणि पप्पा तर मी गणिताची वही काढली की उठून गोठ्यात जातात. आजच नाही, नेहमीच. मराठीचा धडा मोठ्यानं वाचला तर मान डोलवत बसतात, पण गणित म्हटलं की त्यांना गाय आठवते.

१३ जानेवारी

भाषण सरांना दाखवलं. “मुद्दे चोख आहेत. पण यात माणूस कुठं आहे?”

मग खिडकीतून मागे बघायला लागले. शाळेच्या मागे पाण्याची चारी आहे, चारीपलीकडे ऊस. म्हणाले, फार वर्षांपूर्वी याच शाळेतला एक मुलगा दहावीच्या बीजगणिताच्या पेपरला आलाच नाही. घरून वेळेवर निघाला, चारी ओलांडली आणि त्या उसात जाऊन बसला. पाय चिखलानं भरलेले, चपला मांडीवर. उसाच्या वाळक्या पाचटावर बसून बोटानं मातीत आकडे काढत होता. पेपर सुटल्याची घंटा झाली तेव्हा उठला, घरी गेला, पेपर अवघड गेला म्हणून सांगितलं. पुढं शाळाच सुटली त्याची.

मला कसंतरीच झालं. चपला मांडीवर! विचारलं, कोण होता सर? “तुला काय करायचंय? गोष्ट घे. एक मुलगा होता, एवढं म्हण.”

१७ जानेवारी

आरशासमोर म्हणून बघितलं. ‘एक मुलगा होता…’ काहीच होत नाही. कुठला मुलगा, कोणे एके काळी.

मग सहज म्हणून बघितलं — ‘नववीच्या घटक चाचणीला मी उसात लपून बसले होते.’

माझ्याच अंगावर काटा आला!

खोटं आहे. पण स्पर्धा आहे ना? नाटकात राणी झालेल्या मुलीला कुणी राज्य कुठंय म्हणून विचारतं का?

२४ जानेवारी

पहिला नंबर! पण तो सोडून सगळंच लिहावंसं वाटतंय.

पप्पा दुसऱ्या रांगेत होते, इस्त्रीचा शर्ट घालून, मोबाईल उंच धरून. रुचा आधी बोलली — कडू औषध, सोन्याला आगीतून जावं लागतं वगैरे. तिचे वडील बँकेत आहेत, ते प्रत्येक वाक्याला मान हलवत होते. मग मी. उसाची गोष्ट सुरू केली आणि अख्खं संमेलन चिडीचूप. कुल्फीवाल्याची घंटीसुद्धा थांबली. “चपला मांडीवर घेऊन मी मातीत आकडे काढत होते,” म्हटलं आणि समोर बघितलं, तर पप्पांचा मोबाईल खाली आलेला.

पप्पा रडत होते. माझे पप्पा! आजी गेली तेव्हा पाठमोरे उभे राहिले होते, कुणाला डोळे दिसू दिले नव्हते, ते पप्पा सगळ्या गावासमोर उघड्या तोंडानं रडत होते. मी वाक्य विसरले. सुचलं ते बोलले — सक्ती उठवा, मुलं मोकळी होतील! टेबलावर हात आपटला. टाळ्याच टाळ्या.

खाली उतरल्यावर पंकजानं गच्च मिठी मारली. आमच्याच वर्गातली, गणिताच्या तासाला दप्तरामागे लपणारी. “माझंच बोललीस गं,” म्हणाली. मला चोरी केल्यासारखं वाटलं.

पाठक सरांनी टाळ्या वाजवल्या नाहीत. चेहरा पांढरा पडला होता. “एक मुलगा म्हणायचं ठरलं होतं,” एवढंच म्हणाले आणि निघून गेले. एवढं काय झालं? एक शब्द तर बदलला.

२५ जानेवारी

सकाळी पप्पा चहा घेऊन माझ्याजवळ आले. पप्पा! चहा घेऊन!

“येवढं सोशीत हुतीस व्हय, सुकू? आन् मला कळलं न्हाई.”

सांगणारच होते. तोंड उघडलंसुद्धा. पण त्यांनी व्हिडिओ सगळ्या पाहुण्यांना पाठवून झाला होता. कर्जतच्या आत्याचा फोन येऊन गेला, ती पण रडली म्हणे. त्या व्हिडिओत अर्ध्यानंतर नुसत्या पप्पांच्या चपला दिसतात, आवाज माझा. तरी लोक शेवटपर्यंत बघतायत.

जाऊ दे. चार दिवसांत विसरतील.

११ फेब्रुवारी

विसरले नाहीत. दहावीची परीक्षा तोंडावर आलीय आणि आमच्या घरात मला अभ्यास करू नको म्हणतात! मी गणिताला बसले की पप्पा आता गोठ्यात जात नाहीत, माझ्यापाशी येतात आणि वही मिटतात. “व्हईल तेवढं व्हईल. पास झालीस तरी बास.” आईला ताकीद दिलीय, गणितावरून पोरीला बोलायचं न्हाई. आई आयुष्यात कधी गणितावरून बोलली नाही.

रुचाला सांगितलं तर ती म्हणाली, आपण वडील बदलू या. तिच्या वडिलांनी तिचा टीव्हीसुद्धा बंद केलाय. “भाषणात तूच म्हणालीस ना, सोन्याला आगीतून जावं लागतं?” असं म्हणाले.

मला अजून हसू येतंय.

५ मार्च

बीजगणित झालं. शेवटचं गणित तर इतकं सुंदर होतं की घाई न करता सोडवलं, जेवणात शेवटी गोड ठेवतात तसं.

पण पप्पांचं काय चाललंय? बाकीच्या पेपरना फाटकात सोडून जातात. आज पेपर सुटेपर्यंत बाहेर उन्हात उभे. मी आले तर पेपर कसा गेला ते विचारलंच नाही. विचारलं, “बसली हुतीस ना? शेवटपत्तूर?”

मग आणखी कुठं बसणार?

मे महिना — निकालाचा दिवस

गणितात सत्त्याण्णव!!

आई ओवाळायला ताट घेऊन आली. पप्पा मार्कांकडे बघत राहिले आणि म्हणाले, “येवढं भिऊन बी.” मला लाज वाटली, आणि लाज वाटतेय म्हणून रागही आला. सत्त्याण्णव मिळाल्यावर भीतीचं कौतुक!

आज तरी सांगायला हवं होतं. पेढे वाटत होते, कसं सांगणार?

पंकजा गणितात नापास झाली. थोडक्यात. फोन उचलत नाही.

४ जून

अक्षर वाकडं येतंय, येऊ दे.

संध्याकाळी पप्पा छगनदादाच्या सायबरवरून आले. अकरावीचे ऑनलाइन फॉर्म तिथंच भरतात सगळे. मी म्हणत होते उद्या जाऊ बरोबर. पप्पा दारातूनच हसत आले. हातात पेढ्यांचा बॉक्स. एक पेढा माझ्या तोंडात घातला.

“सुटलीस बघ, सुकू. आर्ट्सला टाकलं तुला. गनित न्हाई, सायन्स न्हाई. आता उसात लपायचं कारन न्हाई.”

मला आधी कळलंच नाही. खरंच कळलं नाही. पेढा तोंडात तसाच. गिळता येईना, थुंकता येईना.

मी म्हटलं, पप्पा, मला राहुरीला विद्यापीठात… गेल्या वर्षी सहलीला गेलो होतो तेव्हापासून घरात माझं तेच चाललंय. तिथं एक बाई तिवईवरच्या दुर्बिणीतून शेताचा उतार मोजत होत्या. शेततळं कुठं घ्यायचं ते आकडेमोड करून जागेवर सांगत होत्या. कृषी अभियांत्रिकी. तेच करायचंय मला.

“त्याला गनित लागतंय. इचारलं मी छगनला. आमाला दाखवायसाठी कशाला जीव जाळतीस? तू तिथं स्टेजवर बोललीस, मी इथं ऐकलं. बापानं ऐकायचं न्हाई तर कुनी?”

असं म्हणून माझ्या डोक्यावरून हात फिरवला. मारलं असतं तर बरं झालं असतं. भांडता तरी आलं असतं.

५ जून

सकाळपासून एकच गोष्ट डोक्यात.

सक्ती उठवा, मुलं मोकळी होतील! उठली की. दहावीपर्यंत गणित सक्तीचं, पुढं नाही. आणि मी मोकळी झाले का? पप्पा मोकळे झाले. ती सक्ती माझ्यावर नव्हतीच कधी! पप्पांवर होती. आईवर होती. ‘पोरीला कशाला येवढं’ म्हणणाऱ्या सगळ्यांवर होती. मला कुणालाच पटवावं लागत नव्हतं. शाळेत आहे म्हणून करते, संपलं. आता म्हणावं लागणार, मला आवडतं म्हणून हवंय. आणि ते खरं कुणाला वाटणार? माझ्याच आवाजाचा पुरावा पाहुण्यांच्या मोबाईलमध्ये फिरतोय!

आईला खरं सांगितलं. तिनं पिठाचे हात तसेच ठेवले. “म्हंजी समदं लटकं?” म्हटलं, हो. “मला वाटलंच हुतं. मानूस रडत रडत सत्त्यान्नव पाडतं व्हय?” मग दाराकडं बघून हळूच म्हणाली, “पन त्यानला सांगू नगं. तू बोलल्यापासनं लई बदललेत. माझ्याशी बी बोलत बसत्यात. मोडतील.”

मग मी काय करू? मी नाही मोडत का?

रुचाला सायन्स भरलं. गणितासकट. ती तिकडं रडतेय, मी इकडं. चिठ्ठ्या बदलून द्या म्हणाले होते ना सरांना!

७ जून

फॉर्म अजून बदलता येतो, छगनदादा म्हणाला, पण फार दिवस नाही, आणि पप्पांच्या मोबाईलवर ओटीपीचा आकडा येणार, तो लागेल.

पाठक सरांच्या घरी गेले. सर आता रिटायर, कुंडीतल्या तुळशीची माती उकरत होते. सरांच्या पत्नी इंदूकाकूंनी ताक दिलं. मी सगळं सांगून टाकलं. वाटलं रागावतील. ते तर ग्लासाकडं बघत बसले.

“चूक माझी,” म्हणाले. “मी ती गोष्ट तुला द्यायलाच नको होती. बाकी कुणालाही दिली असती तरी चाललं असतं.”

बाकी कुणालाही म्हणजे?

त्यांनी ग्लास खाली ठेवला. मग म्हणाले, “त्या मुलाला मी स्वतः बघितलं होतं उसात. तेव्हा नवीन होतो मी शाळेत. पेपर सुरू होऊन थोडाच वेळ झाला होता, ओढून आणला असता तर अजून आत घेतला असता. नाही आणला. त्याचा चेहरा बघवेना. म्हटलं, राहू दे. इतकी वर्षं शिकवलं, पण मनापासून दया केली ती तेवढीच.”

तरीच सरांना त्या चपला माहीत होत्या.

निघताना दारापर्यंत आले. “वडिलांना एवढंच सांग की ती गोष्ट तुझी नव्हती, माझ्याकडून घेतली. पुढचं ते बोलतील.”

पप्पा काय बोलणार? त्यांचा काय संबंध?

८ जून

कुठून लिहू!

पप्पा उसाला पाणी भरत होते. मी बांधावर उभी राहिले आणि पाण्याकडं बघत एका दमात म्हटलं, “पप्पा, ती उसातली गोष्ट माझी नव्हती. मी कधीच लपले नाही. खोटं बोलले.”

ते वाकून वाफा मोडत होते, तसेच राहिले.

“गनिताला भेत न्हाईस तू?”

“नाही. आवडतं.”

“मंग क्यास वढतीस, व्हट चावतीस, ते?”

“ते आवडतं म्हणूनच.”

खोरं खाली ठेवलं. मला वाटलं आता ओरडतील. ओरडायचा हक्कच होता. पण त्यांनी विचारलं, “मंग कुनी सांगितली तुला गोष्ट?”

“पाठक सरांनी. एक मुलगा होता म्हणाले.”

“नाव सांगितलं?”

“नाही.”

पप्पा बांधावर बसले. वाफा भरून पाणी बाहेर चाललं होतं, आणि पाण्याचा थेंब वाया जाऊ न देणारे पप्पा नुसते बघत बसले.

“मी हुतो त्यो,” म्हणाले.

मला ऐकू आलं होतं. तरी मी विचारलं, काय?

“तुझ्या आज्याला सांगितलं, नापास झालो. तुझ्या आईला बी आजपत्तूर तेच ठावं हाय. तू स्टेजवर बोलाय लागलीस — चपला, माती — मला वाटलं माझ्या रगतातनं गेलं तुझ्याकडं. म्हनलं, माझं झालं ते झालं. हिचं हू द्यायचं न्हाई.”

माझे पप्पा, माझ्याएवढे, पाचटावर बसलेले. आणि मी त्यांचं सगळ्यात मोठं गुपित गावासमोर माईकवरून सांगितलं, वर बक्षिसाची ढाल घेतली! ती ढाल त्यांनीच कपाटावर मांडलीय, रोज पुसतात. गणिताची वही काढली की गोठ्यात का जायचे. पेपरला उन्हात का थांबले. सगळं आत्ता, एकदम. बसले तिथंच रडले.

पप्पा उठले, बारं फोडलं, पाणी दुसऱ्या वाफ्यात वळवलं. “चल, छगन दुकान बंद करंल.” चिखलाच्या पायांनीच गाडी काढली. सायबरमध्ये स्वतः म्हणाले, “सायन्स टाक. गनित घालून.” छगनदादा म्हणाला, पक्कं ना? दोनदा बदलता यायचं न्हाई. पप्पा म्हणाले, “तिला इचार.”

पक्कं, मी म्हटलं.

९ जून

जीव शांत व्हायला हवा, होत नाही.

म्हणजे भाषण खोटं नव्हतंच. मी खोटी होते, भाषण खरं होतं! सक्तीनंच पप्पांना उसात नेऊन बसवलं. तेवढ्या एका विषयानं शाळा सुटली त्यांची. पंकजाचंही तेच. आज भेटली. पुन्हा बसणार नाही म्हणते, तिच्या घरीही कुणी बस म्हणत नाही. आणि मला मात्र सक्ती होती म्हणून गणित मिळालं. तर मग मी कुठल्या बाजूची? आज कुणी चिठ्ठी उचल म्हणालं तर हातच पुढं व्हायचा नाही.

निदान सर तरी भले भेटले पप्पांना. ओढून नेलं नाही.

२८ जून

यादी लागली. सायन्स मिळालं.

परत येताना पप्पांनी शाळेमागं चारीपाशी गाडी थांबवली. ऊस अजून तिथंच आहे. मी म्हटलं, सरांनी त्या दिवशी बघितलं होतं म्हणे तुम्हाला, जाऊ दिलं.

“व्हय. हितनंच बघितलं. डोळं भरलं हुतं त्यांचं. ‘राहू दे बाळा, सक्ती नाही’ म्हनले आन् माघारी गेले. लई माया हुती.”

गाडी सुरू केली. पुन्हा बंद केली.

“मी वाट बघत हुतो, सुकू. कान धरून वढत न्यायला येतील म्हनून. घंटा व्हईपत्तूर बघितली.”